साभार पोच नसलेले पाच तारे

गेल्या वर्षी गणपतीत, इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या मंडळाच्या मांडवात, आरती झाल्यावर एक काकू माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. खेळ फुकट मिळावा म्हणून मी पाठवलेला कोड त्यांच्या नातवाने फोनमध्ये भरून दिला होता, आमचा शब्दकोड्याचा खेळ फोनवर उतरला होता, आणि आता स्टोअरचं पान उघडून त्या विचारत होत्या, "काय लिहू गं? तू सांग, मी लिहिते." मी म्हटलं, "खूप छान, एवढंच लिहा काकू. आणि पाचही तारे दाबा." त्यांनी दाबले. मी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या दिवशी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटतं. का वाटतं ते नीट मांडावं म्हणून हा लेख.

आमचा खेळ म्हणजे मराठी शब्दकोडं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही दिवसा विजय नगरच्या बाजूला सॉफ्टवेअरची नोकरी करतो. रात्री आणि रविवारी मिळून दोन वर्षं हे काम चाललं होतं. किंमत ९९ रुपये. मध्ये जाहिराती नाहीत, विकत घ्यायची नाणी नाहीत. प्ले स्टोअरवर खेळ चढला आणि पुढचे तीन आठवडे त्याच्या पानावर ताऱ्यांची जागा रिकामी राहिली. ज्याने असं काही विकायला ठेवलंय त्यालाच ती रिकामी जागा किती खाते ते कळेल. माणूस पान उघडतो, तारे शोधतो, दिसले नाहीत की परत फिरतो. आपण बनवलेलं चांगलं की वाईट, हा प्रश्न तिथवर पोचतच नाही.

मग कोडची वाट कुणीतरी सुचवली. सोय अधिकृत आहे. गूगल विकतच्या ॲपसाठी दर तिमाहीला ५०० प्रोमो कोड काढू देतं. ॲपलकडे प्रत्येक आवृत्तीमागे १०० मिळतात आणि ते चार आठवड्यांत वापरावे लागतात. कोड टाकला की घेणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पत्रकार, समीक्षक, चाचणी घेणारे यांच्या हाती खेळ देता यावा, एवढाच याचा सरळ उपयोग. मी साठ कोड काढले आणि नातेवाईक, मंडळ, सोसायटी, शाळेतला जुना वर्ग अशा चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकले. निरोप मीच लिहिला होता, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे: 'आमचा खेळ फुकट घ्या, फक्त पाच तारे तेवढे द्या.' काही देऊन तारे मिळवायला गूगलची साफ मनाई आहे. तो नियम मी तेव्हा वाचलासुद्धा नव्हता. बारा दिवसांत एकेचाळीस अभिप्राय आले. सगळे पाच ताऱ्यांचे. खूप छान. मस्तच. आपल्या इंदूरच्या मुलीचा अभिमान वाटतो.

बेचाळिसावा अभिप्राय अनोळखी माणसाचा होता. त्याने ९९ रुपये मोजले होते. एक तारा, आणि खाली दोनच वाक्यं: जोडाक्षरं तुटतात. कोडं सोडवताच येत नाही.

मला आधी रागच आला, कारण आमच्या दोघांच्या फोनवर काहीच तुटत नव्हतं. दोन रात्री घालवल्यावर कारण सापडलं. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं; फोनला ती सहा चिन्हं दिसतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. त्यातली कुठली एकत्र धरून एक अक्षर मानायचं याचे नियम युनिकोड या लिपींच्या जागतिक मानकात असतात, आणि देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम त्यात आला तो थेट सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. आमचे फोन नवे, त्यांना तो ठाऊक. जुने फोन हलन्त दिसला की तिथे अक्षर तोडायचे. आणि कोड्याची घरं तर आमचा खेळ फोनलाच विचारून पाडत होता. आडवा शब्द: 'फुले दांपत्याने १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली ती यासाठी'. उत्तर स्त्रीशिक्षण, घरं चार. जुन्या फोनवर ती सात पडायची. एक आडवा शब्द तीन घरं लांबला की त्याला छेदणारे सगळे उभे शब्द सरकतात, आणि मग ते कोडं उरत नाही.

काकूंचा फोन जुना आहे हे मला माहीत होतं, म्हणून तो बघायला त्यांच्याकडे गेले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. मी जोडाक्षरांचा विषय काढताच त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही आणली आणि मागच्या बाजूने उघडली. लाल शाईत रांगेने शब्द, प्रत्येकापुढे दोन आकडे, घरं किती हवीत आणि किती पडली. स्त्रीशिक्षण ४, ७. प्रश्नपत्रिका ५, ८. ज्ञानेश्वरी ४, ६. असे सदतीस शब्द. फोनवर कोडं जमत नाही म्हटल्यावर काकूंनी पट्टीने कागदावर घरं आखून तीच कोडी सोडवली होती. एका ठिकाणी समासात लिहिलं होतं, 'र्‍हस्व इकार हवा.' तीही आमचीच चूक.

मी विचारलं, "काकू, हे मला सांगितलं का नाहीत?"

"अगं, तू एवढं प्रेमाने फुकट दिलंस. त्याच्यात पुन्हा खोट काढायची? बरं दिसतं का ते?"

माझ्या खेळाचं सगळ्यात नेमकं परीक्षण त्या वहीत पडून होतं. आणि स्टोअरवर त्याच काकूंच्या नावापुढे 'खूप छान' होतं. ते दोन शब्दही माझेच.

या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे, मिंधेपणा. फुकट कोडांबद्दल बोलताना लोक लाच म्हणतात, पण लाच घेणाऱ्याला आपण घेतलं हे ठाऊक असतं. मिंध्या माणसाला आपलं गप्प बसणं हा सभ्यपणा वाटतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरत असलो तरी काकूंसारख्यांना ती साधी रीत वाटते. कुणी घरी बोलावून जेवायला वाढलं तर भाजीत मीठ कमी आहे असं पाहुणा म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण हीच रीत बाजारात नेली की भुर्दंड तिसऱ्यालाच पडतो. आमच्या एकेचाळीस जणांनी माझं मन राखलं आणि त्याचे ९९ रुपये एका परक्या माणसाने भरले.

म्हणूनच 'आम्ही पाच तारे मागत नाही, कोड देऊन फक्त प्रामाणिक मत मागतो' हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. तो मांडणारे खोटं बोलत नसतील, पण मिंधेपण अटीतून येत नाही, ते देण्याघेण्यातूनच येतं. ॲमेझॉनने हा धडा घेतला. वस्तू फुकट मिळाल्याचं सांगितलं तर तिच्यावर अभिप्राय लिहायला तिथे बराच काळ मुभा होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती काढून घेतली. चालू राहिला तो त्यांचा स्वतःचा 'व्हाइन' (Vine) नावाचा कार्यक्रम, ज्यात अभिप्राय कोणी लिहायचा हे ॲमेझॉन ठरवतं, विकणाऱ्याच्या हाती ते नसतं.

इथे कुणीही मला विचारेल, मग पुस्तकांचं काय? परीक्षणासाठी प्रत पाठवायची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे, आणि ती भ्रष्ट आहे असं कुणी म्हणत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला आजोबांच्या मासिकांत सापडलं. रामबागेतल्या त्यांच्या खोलीत मराठी मासिकांचे गठ्ठे असत आणि शेवटच्या पानांत एक सदर असे, 'साभार पोच'. आलेल्या पुस्तकांची यादी, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. बस. त्या दोन शब्दांत मिळाल्याची कबुली आहे, आभार आहेत, आणि स्तुती अजिबात नाही. ज्या पुस्तकावर परीक्षण येई ते कुणाकडे सोपवायचं हे संपादक ठरवी. लेखक आणि परीक्षक यांच्या मध्ये तो उभा असे. परीक्षणाखाली नाव असे, मजकूर दोन-तीन पानं असे, आणि त्या मजकुरातून परीक्षक कुठे कचरतोय, कुठे दोस्ती निभावतोय हे मुरलेला वाचक ओळखी.

ताऱ्यात हे काहीच नाही. मध्ये संपादक नाही, आणि तोलून बघायला मजकूरही बहुधा नसतोच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारा सरासरीत विरघळतो. काकूंच्या अभिप्रायात 'मला हे फुकट मिळालं' एवढं वाक्य असतं तर वाचणारा सावध झाला असता. त्यांच्या पाच ताऱ्यांना मात्र तोंड नाही. ते वरच्या आकड्यात जाऊन बसले आणि विकत घेणाऱ्याच्या ताऱ्याइतकेच मोजले गेले. लोक तो आकडा बघून ठरवतात, खालचा मजकूर फार थोडे वाचतात. माझं म्हणणं याच एका जागेवर येऊन थांबतं: फुकट कोडवर आलेला शब्द राहू द्या, त्याच्यावर तशी खूण करा, पण त्याचा तारा सरासरीत धरू नका.

हे मी हवेत बोलत नाही. संगणकावरच्या खेळांचं सर्वात मोठं दुकान म्हणजे स्टीम. त्याची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिने सप्टेंबर २०१६ मध्ये उघड सांगितलं की गुणांकात बनवणाऱ्यांकडून होणारी लबाडी मुख्यतः फुकट वाटलेल्या 'की'मधूनच, म्हणजे अशाच कोडांमधून, होते आहे. तेव्हापासून बाहेरून मिळालेल्या कीवर खेळ घेतलेल्याचा अभिप्राय तिथल्या पानावर दिसतो, पण गुणांकात मोजला जात नाही. खेळ फुकट मिळाला असेल तर तशी खूण करायचीही तिथे सोय आहे. याची किंमत काही प्रामाणिक लोकांनी मोजली. लोकवर्गणीतून बनलेल्या खेळांना ज्यांनी आधीच पैसे दिले होते त्यांनाही कीच मिळते, आणि त्यांची मतंही गणतीतून गेली. छोट्या विकसकांनी तेव्हा खूप तक्रार केली आणि ती खोटी नव्हती. तरीही मला ही वाट पटते, कारण ॲपलने धरलेलं दुसरं टोक मला जास्त खुपतं. तिथे कोडवर ॲप घेतलेल्याला अभिप्राय लिहिताच येत नाही. आकडा स्वच्छ राहतो हे खरं, पण काकूंची वहीही कायमची कपाटातच राहते.

हा आजार खेळांच्या दुकानाइतकाच जुना आहे. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं. रिव्हर्ब कम्युनिकेशन्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या जनसंपर्क कंपनीची माणसं त्याच नोव्हेंबरपासून सामान्य ग्राहक असल्याचं भासवून आपल्याला काम देणाऱ्या कंपन्यांच्याच खेळांवर वाहवा लिहीत असल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०१० मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं आणि कंपनीला तसे अभिप्राय काढून टाकावे लागले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ऐच्छिक म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींना बजावलं की फुकट मिळालेली वस्तूसुद्धा सांगितलीच पाहिजे. ते बरोबरच आहे. फक्त त्याचा रोख भरपूर अनुयायी असलेल्यांवर आहे. मांडवातल्या काकू त्यात बसत नाहीत, आणि त्यांच्यासारख्या एकेचाळीस जणांना गाठणारी मीही बसत नाही.

आता बहुतेक खेळ फुकटच असतात, त्यामुळे कोड हा शब्द काहींना जुना वाटेल. तिथे तोच व्यवहार नाण्यांत चालतो: पाच तारे द्या, पाचशे नाणी मिळवा. त्याहून साळसूद प्रकार म्हणजे आधी खिडकी उघडून विचारणं, 'खेळ आवडला का?' हो म्हटलं तर स्टोअरचं पान, नाही म्हटलं तर ईमेलचा रकाना. तक्रार करणाऱ्याला मागच्या दाराने घरी पाठवायचं आणि टाळी वाजवणाऱ्याला व्यासपीठावर. दोन्ही दुकानांच्या नियमांत हे बसत नाही, तरी मी ते दर आठवड्याला बघते. आणि हेच तारे ज्यांना पैशात विकत घ्यायचे असतात त्यांच्यासाठी अभिप्राय पुरवणाऱ्यांचे निरोप आम्हालाही आले, दर शेकडा भाव ठरलेला. घरबसल्या तारे देऊन पैसे कमवा असं सांगून लोकांना लुबाडणारी जी टोळकी हिंडतात, त्यांचा पहिला आमिषाचा घासही ताऱ्याचाच असतो.

छोट्यांनी मग काय करायचं? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तीन आठवड्यांची ती रिकामी जागा मी पाहिली आहे. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा असतो. इंदुरात नोकरी सांभाळून मराठीत खेळ बनवणाऱ्याकडे त्याचे आप्तस्वकीय असतात. मराठी खेळांचा गिऱ्हाईकवर्गच लहान, तिथे दहा तारेही फार मोठे. पण त्याच कारणाने दहा खोटे तारेही फार मोठे. लाखभर मतांच्या ढिगात माझे एकेचाळीस हरवले असते. आमच्या पानावर तेच सगळं होतं. एखाद्या मराठी खेळाने असं एकदा फसवलं की तो माणूस पुढच्या मराठी खेळाचं पानसुद्धा उघडणार नाही, आणि तो पुढचा खेळ दुसऱ्याच कुणाचा असेल.

आमच्या सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून बघा. गराडू म्हणजे तळलेला कंद; तो विकणारा नवख्या माणसाला एक फोड चाखायला देतो. ती चव त्या माणसाने स्वतःसाठी ठरवावं म्हणून असते. ती फोड खाऊन तू रस्त्यावर उभा राहून माझं नाव घे, असं तो म्हणत नाही. खेळ बनवणाऱ्यालाही चव द्यायच्या वाटा आहेत. पहिली दहा कोडी सगळ्यांना मोकळी ठेवा, पुढची विकत. आम्ही आता तेच केलं आहे. आणि निव्वळ मतांच्या आकड्यावर कुणी काही ठरवू नये हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलं, त्या सर्वेक्षणात नागरिकांच्या मताला गुण होते, पण रस्त्यावर येऊन पाहणाऱ्यांनाही होते. दुकानांच्या पानावर पाहणी करणारा कुणीच नाही, तिथे सगळा भार मतांवर. मग ती मतं कुठून आली एवढं तरी दिसायलाच हवं. कोड कुणी वापरला याची नोंद दुकानाकडे असतेच. ती नोंद अभिप्रायाशेजारी छापायला आणि सरासरी काढताना तो तारा वगळायला नवं यंत्र लागत नाही. आयएस १९००० मध्येही हे एक कलम स्पष्ट शब्दांत यावं आणि बंधनकारक व्हावं, असं मला वाटतं.

नियम येईल तेव्हा येईल. आमच्यापुरतं आम्ही दिवाळीआधी जोडाक्षरं दुरुस्त केली, म्हणजे घरं पाडायचं काम फोनकडून काढून स्वतःकडे घेतलं, आणि काकूंची वही समोर ठेवून सदतीसही शब्द तपासले. मग त्याच चार ग्रुपांवर मी लिहिलं की कोडवर घेतलेल्यांनी आपला अभिप्राय काढून टाकावा, ही माझी चूक होती. काहींना वाईट वाटलं. एका मामांनी विचारलं, तुला आमचं कौतुक नको झालं का. त्यांना फोनवर अर्धा तास समजावलं, ते पूर्ण पटलं असं नाही, पण काढला. एकेचाळिसांतले चौतीस गेले. सरासरी ४.९ वरून खाली आली आणि तिथून हळूहळूच चढते आहे. आता कोड देते तेव्हा सोबत एवढंच लिहिते: खेळा, स्टोअरवर काही लिहू नका, खटकेल ते मला कळवा.

काकूंनी मात्र काढायला नकार दिला. मी काय लिहावं ते आता मीच ठरवीन, म्हणाल्या. दोन दिवसांनी पान उघडलं तर त्यांचा मजकूर बदललेला होता: 'हा खेळ मला बनवणाऱ्या मुलीने फुकट दिला. जोडाक्षरे आता तुटत नाहीत. तिसाव्या कोड्यातील दोन शब्दांचे अर्थ चुकीचे दिले आहेत.' तारे चार. खालपर्यंत वाचणाऱ्याला हे पहिलं वाक्य दिसतं. वरच्या आकड्यात त्यांचे चार तारे अजूनही विकत घेणाऱ्यांच्या ताऱ्यांबरोबर मोजले जातात.